कोळदरीचं शेवटचं घर

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं निजामाच्या काळापासून म्हणतात. दैवशालाच्या बाबतीत ते तंतोतंत खरं झालं होतं. झरी गावची ही मुलगी औरंगाबादला संगणकाची पदविका घेऊन आली, पुण्यात तीन ठिकाणी मुलाखती देऊन आली आणि कुठेच काही बनलं नाही म्हणून परभणीतल्या एका संगणक केंद्रात मशीन सांभाळायला लागली. केंद्र खाजगी, काम सरकारी. धरणाच्या पाण्यात जाणाऱ्या बावीस गावांमधल्या घरांची यादी तिथे तयार होत होती. ज्याचं घर यादीत, त्याला नव्या गावठाणात प्लॉट. यादी एकदा छापून गेली की तिच्यात काना-मात्रेचाही बदल होणार नव्हता.

एक्याण्णव सालचा मे महिना होता. त्या दिवशीचं काम तसं सरळ होतं. बावीस गावांची एकत्र यादी छापायची, पाच वाजता जीप येईल तिच्यात ठेवायची आणि घरी जाऊन डोक्यावर गार पाणी ओतायचं. दैवशाला नऊ वाजता आली तेव्हा बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसलेली होती. विटकं लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी.

“कोण पाहिजे, मावशी?”

“मी सारजाबाई. कोळदरीची. आश्रुबाची माय,” म्हातारी म्हणाली. “आमचं घर लिवलंय का तेवढं बघता का, बाई?”

आश्रुबाचं नाव ऐकून दैवशाला दारातच थांबली. आश्रुबा याच केंद्रात सहाव्या टर्मिनलवर, मशीनला जोडलेल्या पडदा-कळफलकावर, बसायचा. कमी बोलणारा, काम चोख, फक्त तंबाखू मळायचा आणि चुना लागलेल्या बोटानं तसाच कळा दाबायचा. “अरे, कळा काय भिंती आहेत का, चुना फासायला?” म्हणून केंद्राचे साहेब दिनकरराव रोज ओरडायचे. एप्रिलमध्ये एका शनिवारी दुपारी तो नेहमीसारखा गावाकडे निघाला आणि बस उतरून चालताना ऊन लागून वाटेतच गेला. केंद्रातल्या मुली त्याच्या जागी बसेनात, म्हणून ते टर्मिनल उचलून मागच्या कोठीत ठेवलं होतं.

“असणारच की, मावशी. तुमच्याच लेकानं भरलीत कोळदरीची घरं,” ती म्हणाली आणि आत गेली. सहज बोलून गेली खरी, पण बघितलेलं नव्हतं.

आत कायम अंधूक असायचं. धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना पत्रे ठोकलेले, एसीचा घरघराट आणि मधोमध ते मशीन. मशीन एकच, पण एका विहिरीवर आठ मोटा चालाव्यात तसे त्याच्यावर आठ जण काम करत, आश्रुबा गेल्यापासून सात मुली. या युनिक्स मशीनचा एक नियम होता. सगळ्यांच्या मिळून दोनशेच फाईली एका वेळी उघड्या राहू शकत. दोनशे एकावी मागितली की ते सरळ नाही म्हणे. मुलींचं रोजचं काम शंभराच्या आत भागायचं, त्यामुळे त्या नियमाची कुणाला आठवणही नव्हती.

अकरा वाजता दैवशालानं यादीचा प्रोग्राम लावला. त्याला बावीसही गावांच्या फाईली एकदम उघडाव्या लागत. मशीन नाही म्हणालं. फार फाईली उघड्या आहेत.

ती घाबरली नाही. कुणीतरी उघडून मिटायला विसरलं असेल, हे काय नवीन नाही. तिनं मुलींना कामं बंद करून घरी जायला सांगितलं. खोली रिकामी झाली. आता मशीनच्या स्वतःच्या पंधरा-वीस फाईली तेवढ्या उघड्या दिसायला हव्या होत्या. तिनं मोजल्या.

एकशे चौऱ्याऐंशी.

तिनं पुन्हा मोजल्या. एकशे पंच्याऐंशी.

मग मशीनवर कोण कोण बसलंय ते तिनं विचारलं. पडद्यावर दोन नावं आली. एक तिचं. दुसरं आश्रुबाचं, टर्मिनल सहा, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपासून. कोळदरीची बस गाठून तो रोज त्याच वेळेला यायचा.

कुणीतरी चेष्टा करतंय, असंच तिला आधी वाटलं. त्याचा परवलीचा शब्द मुलींना माहीत होता. पण टर्मिनल सहा कुठून आलं? ती उठून मशीनच्या मागे गेली. आठ वायरींपैकी सहावी भोकातून बाहेर काढलेली, टोकाला सुतळी बांधून खिळ्याला लटकवलेली. भोक रिकामं होतं. तिनं त्यात बोट घालून पाहिलं आणि लगेच काढून घेतलं.

जागेवर येऊन तिनं सहाव्या टर्मिनलवर चालू असलेलं काम मारलं. ते गेलं. तिनं श्वास सोडला, तोवर पुन्हा आलं. तिनं आश्रुबाचं नावच बंद करून टाकलं, आता या नावानं कुणाला आत येता येणार नव्हतं. एक मिनिट पडदा शांत राहिला. मग ते नाव पुन्हा उमटलं, वेळ तीच, नऊ वाजून दहा मिनिटं.

आणि मागच्या कोठीतून आवाज आला. टक्… टक्… थोडं थांबून पुन्हा टक्…

दैवशाला उठली. बाहेर दिनकररावांना हाक मारावी तर ते जीपसाठी निरोप द्यायला गेलेले. जावं की न जावं असं करत ती कोठीपर्यंत गेली आणि दार ढकललं. आवाज थांबला. कोपऱ्यात स्टुलावर ते टर्मिनल होतं, अंगावर जुनी चादर. तिनं चादर उचलली. काच काळी, मागची विजेची वायर गुंडाळून ठेवलेली. कळांवर बोटानं नाव लिहावं इतकी धूळ होती आणि एकाही कळेवर बोट उमटलेलं नव्हतं. फक्त मळलेल्या तंबाखूचा वास येत होता, आत्ताच कुणीतरी तळहातावर थाप मारल्यासारखा. तिनं चादर टाकली आणि दार ओढून घेतलं.

आता दोनच वाटा होत्या. रडत बसायचं, नाहीतर शिकलेलं काम करायचं. दैवशाला कामाला लागली. मशीनची मर्यादा दोनशेवरून चारशे करता येत होती. त्याला मशीनचा गाभा, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्राम, नव्यानं बांधावा लागे आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं लागे. त्यात दोन वाजले. मशीन उठलं तेव्हा उघड्या फाईली होत्या सतरा. तिला बरं वाटलं.

मग एकोणीस. चाळीस. एकशे दहा.

तिनं यादीचा प्रोग्राम घाईनं लावला, पण तो प्रत्येक गावाची घरं जुळवत हळूहळू पुढे सरकायचा. बाराव्या गावाला पोचेपर्यंत चारशे भरले. मशीन पुन्हा नाही म्हणालं. घड्याळात तीन वाजून गेले होते.

दार वाजलं. ती दचकून वळली. व्यंकटराव होते. बावीस गावांची पाहणीची रजिस्टरं सांभाळणारे, निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेले, पिकलेल्या मिशांचे.

“काय झालं, बाई? तोंड पांढरं पडलंय तुझं.”

“काका… कुणीतरी फाईली उघडायलंय. मिटतच न्हाई. एक झाली की दुसरी.”

व्यंकटराव पडद्याकडे बघत उभे राहिले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण आश्रुबाचं नाव त्यांनी ओळखलं.

“आमचे उस्ताद सांगायचे, किताब उघडी टाकून उठू नये. आपण उठलो की दुसरं कोन तरी वाचत बसतंय,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्या शनिवारी पोरगं उघडं टाकूनच गेलं बघ. म्हनलं, मिटून जा की. तर म्हनला, एकच ऱ्हायलंय, सोमवारी येऊन मिटतो.”

“काय ऱ्हायलं होतं?”

“ते काय मला म्हायत?”

दैवशालानं मशीनला विचारलं, सहावं टर्मिनल नेमकं काय उघडतंय. उत्तर ओळीनं येत गेलं. तो एकेका गावाची फाईल उघडत होता, काही क्षण थांबत होता, पुढच्या गावाकडे जात होता. कोळदरीला पोचला की मात्र थांबायचा. पुष्कळ वेळ थांबायचा. मग पुन्हा पहिल्या गावापासून सुरू. जत्रेत हरवलेलं माणूस असंच शोधतात.

“काका, कोळदरीचं रजिस्टर द्या.”

रजिस्टरमध्ये घरं अठ्ठ्याऐंशी होती. मशीनमध्ये सत्त्याऐंशी. तिनं बोट ठेवत ठेवत जुळवलं. मशीनमध्ये नसलेलं घर होतं सारजाबाईचं, आश्रुबाचं स्वतःचं.

व्यंकटरावांनी डोळे मिटले. “लिवनारानं आपलं घर शेवटी लिवावं, हा कायदाच हाय आमचा. वाढप्यानं शेवटी जेवावं तसा. पैलं लिवलं तर लोक म्हनतात, बघा, आपलं साधून घेतलं. मीच शिकवलं त्याला हे… मीच शिकवलं.” ते रजिस्टर तिथंच ठेवून बाहेर निघून गेले.

दैवशालानं कोळदरीची फाईल उघडायला घेतली. चारशे भरलेले असताना ती उघडायला नको होती. पण उघडली. तिच्यासाठी एक जागा कुणीतरी रिकामी करून दिली होती.

तिनं घर क्रमांक टाकला. नाव टाकलं. मग रकाना आला माणसांचा. कोळदरीची पाहणीही आश्रुबानंच केली होती; रजिस्टरात त्याच्या अक्षरात ‘दोन’ होतं. तिचे हात थांबले. यादीच्या दिवशी जिवंत असतील तेवढीच माणसं धरायची, असा नियम होता. आणि दुसरा नियम याहून वाईट होता. एकट्या माणसाला प्लॉट नाही, त्याला भावकीतल्या घरात धरायचं.

ती उठून बाकापाशी गेली. म्हातारी तशीच बसली होती, भाकरीची गाठ न सोडता.

“मावशी, गावात तुमचं कोण हाय?”

“दीर हाय की, भुजंग. पर त्याच्या दारात नगं, बाई. धनी गेले तवा त्यानं मला गोठ्यात ठिवलं व्हतं, लेकरासंगट. लेक कमवायला लागला तवा कुठं आमी आमच्या घरात गेलाव.” ती थांबली. “लेक म्हनला व्हता, माय, आपलं घर मी लिवतो. तू काळजी करू नगंस.”

दैवशालाला तिच्या डोळ्यांत बघवेना. खोटं लिहावं असं शंभरदा मनात आलं. पण यादी मग गावात वाचली जाणार, भुजंगच उठून सांगणार की पुतण्या मेलाय, आणि खोटं नाव म्हणून घरच खोडलं जाणार; मग म्हातारीला दिराच्या घरातही कुणी धरणार नाही. ती आत आली आणि रकान्यात ‘एक’ टाकलं. वाईट वाटलं, रडूही आलं, पण टाकलं. फाईल मिटली.

पडद्यावर आकडा उतरायला लागला. चारशे. तीनशे दहा. दोनशे. शंभर. वीस. कोठीतून काहीच आवाज आला नाही. सहाव्या टर्मिनलवरचं नाव मात्र गेलं नव्हतं. एकच फाईल त्यानं उघडी ठेवली होती.

तिकडे बघायला वेळ नव्हता. साडेचार झाले होते. तिनं यादी लावली आणि छपाईयंत्र कर्कशत सुरू झालं. गावामागून गाव कागदावर उतरत गेलं. पाचला पाच कमी असताना दिनकरराव जीपवाल्याला घेऊन आत आले. दैवशाला कागद फाडून गठ्ठा बांधत होती. कोळदरीच्या पानावर तिची नजर गेली. घर अठ्ठ्याऐंशी, सारजाबाई.

माणसं, दोन.

“साहेब, एक मिनिट. एक चूक झालीय,” ती म्हणाली. तिनं कोळदरीची फाईल मागितली. मशीन नाही म्हणालं. फार फाईली उघड्या आहेत. तिनं मोजल्या तर अठराच होत्या.

“चूक-बिक आता राहू द्या,” दिनकरराव म्हणाले. “मोठी आहे का?”

दैवशालानं त्या दोनाकडे पाहिलं. मग बाहेरच्या बाकाकडे.

“नाही, साहेब,” ती म्हणाली. जीप गेली.

बाहेर येऊन तिनं म्हातारीला सांगितलं की घर यादीत आहे, प्लॉट मिळेल. मग न राहवून म्हणाली, “मावशी, तिथं माणसं दोन लागलीत. गावात वाचतील. कुणी इचारलं तर… भुजंगरावानं इचारलं तर?”

सारजाबाईनं फडकं सोडलं. अर्धी भाकरी काढून बाकाच्या रिकाम्या बाजूला ठेवली, अर्धी स्वतःच्या हातात घेतली.

“इचारू दे की,” ती शांतपणे म्हणाली. “येऊन बघ म्हनावं, किती हाईत ते.”

केंद्र बंद करायच्या आधी दैवशाला एकदा कोठीकडे गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. चादर तशीच होती. तिनं ती उचलली. कळांवरची धूळ तशीच होती, दाट, न हललेली. एकच कळ स्वच्छ पुसलेली होती, दोनाची. तिच्यावर चुन्याचा पांढरा ठिपका होता.

बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन होतं. तसल्या उन्हाळ्यात चुना डबीतसुद्धा घटकेत वाळतो. दैवशालानं बोट लावलं, आणि ते ओलं झालं.