जीपचा पुढचा शाफ्ट

ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसभावावर, दिग्विजयवर, हे बेतलं आहे. विश्वास बसत नसेल तर इथूनच परत फिरा. पण खाली "भाऊ, मस्त रंगवलीत" असं तेवढं लिहू नका. डोकं सटकतं माझं.

रात्रीची वेळ नव्हती. अमावस्या नव्हती.

गेल्या एप्रिलातली भर दुपार होती. जागा म्हणजे जत तालुक्यातली त्याची वस्ती.

दिग्विजय फौजेत आहे, गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत. त्याचा उजवा हात म्हणजे त्याचं सगळं काही. नोकरी त्या हातावर आणि घरही त्याच हातावर. रेश्मावहिनी चेष्टेने म्हणायच्या, "ह्यांचा हात तेवढा धाडा माघारी, बाकीचं फौजंनं ठेवून घ्या."

आता त्या ही चेष्टा करत नाहीत.

सुट्टीवर आला की त्याला एकच वेड, त्याची जुनी जीप. डोंगरात, ओढ्यात घालता यावी म्हणून त्याने ती चांगली वीतभर उंच करून घेतली होती. त्या रविवारी महाबळेश्वरच्या बाजूला अशा गाड्यांची शर्यत होती. पण जीप उंच केली आणि पुढचा शाफ्ट आखूड पडला. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांना जोर पोचवणारा लोखंडी दांडा. तो नसेल तर पुढची चाकं नुसती शोभेची.

सांगलीच्या भंगारात त्याला एक लांब शाफ्ट मिळाला. मापाला तंतोतंत. अशा लांबीचा शाफ्ट कुठल्याच कंपनीच्या जीपला येत नाही. म्हणजे कुणीतरी आपली जीप अगदी तेवढीच उंच केली होती...

आणि ती आता भंगारात होती.

भंगारवाला एवढंच म्हणाला, "न्ह्या बिनघोर. पर कुठल्या गाडीचा त्ये इचारू नगासा."

दिग्विजयने विचारलं नाही. इथं मला त्याचा भयंकर राग येतो. अरे बाबा, असं कुणी म्हटलं की आधी तेच विचारायचं असतं!

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये काम सुरू झालं. मदतीला त्याचा शेजारी आणि लहानपणचा दोस्त अर्जुना. जीपचं पुढचं उजवं चाक जॅकने उचलून खाली आधाराला लोखंडी घोडी लावली. डावं चाक जमिनीवर, ते सरकू नये म्हणून त्याला दगडाची उटी. दिग्विजय पाठीवर सरपटत खाली गेला.

आता एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाफ्टचे सगळे बोल्ट एका जागेवरून हाताला लागत नाहीत. खालचा आवळायचा, मग बाहेरच्याने चाक फिरवायचं. शाफ्ट फिरतो आणि पुढचा बोल्ट समोर येतो. आमच्याकडचे मिस्त्री तेव्हा नुसतं "फिरव" कधीच म्हणत नाहीत. आधी नाव घ्यायचं. वरच्याने "ओ" द्यायची. मगच चाकाला हात लावायचा.

खालच्याला वरचा दिसत नसतो ना.

"अर्जुना, फिरव!"

"ओ!"

"थांब."

गिअरबॉक्सकडची बाजू अशीच झाली. मग दिग्विजय चाकांकडच्या बाजूला सरकला. एक बोल्ट अडला म्हणून त्याने हातोडी घेतली आणि ठोकायला लागला.

त्याच वेळी वस्तीवर टँकर आला. जतच्या उन्हाळ्यात टँकर आला की मागे कोण राहतंय? बायका-पोरं, म्हातारी माणसं घागरी घेऊन पळाली. रेश्मावहिनी गेल्या. अर्जुनाही ओरडला, "आलोच रं, पानी भरून येतो!"

हातोडीच्या आवाजात दिग्विजयला ते ऐकूच गेलं नाही.

बोल्ट बसला. त्याने पाना घेऊन आवळला. घाम डोळ्यांत जात होता, रविवार डोक्यात होता. त्याने नाव घेतलं नाही.

"फिरव रं."

"ओ" आली नाही...

पण चाक फिरलं.

"थांब."

थांबलं. बोल्ट अगदी हातासमोर. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. दिग्विजय खूश झाला. म्हणाला, "आता जमलं बघ तुला."

त्याने तो बोल्ट आवळला.

"फिरव."

पुन्हा फिरलं. त्याने आणखी एक बोल्ट आवळला. आता एकच राहिला होता.

तेवढ्यात लांबून, टँकरपाशी, कुणाचा तरी मोठ्याने हसण्याचा आवाज आला. ओळखीचा आवाज.

अर्जुनाचा...

दिग्विजयने मान वळवून चाकाकडे पाहिलं. उन्हाची तिरीप शेडमध्ये आली होती. जमीन स्वच्छ दिसत होती.

चाकाजवळ पाय नव्हते.

त्याने शाफ्टवरचा हात काढून घ्यायला सुरुवात केली, अगदी हळू. आणि कुणी काही न सांगता चाक फिरायला लागलं.

सदऱ्याची बाही शाफ्टच्या जॉइंटमध्ये सापडली. एक वेढा. दुसरा वेढा. मनगट ओढलं गेलं.

"थांब!"

थांबलं नाही.

"थांब! थांब!"

जितकं ओरडावं तितकं जोरात. दिग्विजय सांगतो, चाक नुसतं फिरत नव्हतं. कुणीतरी राग काढत होतं. मधेच जरा सैल सोडायचं, त्याला वाटायचं सुटलो... की पुन्हा गचका. कोपरापर्यंत हात आत चालला होता.

शेवटी त्याने बेंबीच्या देठापासून नाव घेतलं. "अर्जुनाऽऽ!"

अर्जुना घागर टाकून धावला. त्याने चाकाला मिठी मारली, तर चाकाने त्यालाच भिरकावलं. गडी चांगला आडदांड, मेंढरं खांद्यावर टाकून नेणारा. मग त्याने कोपऱ्यातली पहार उचलून चाकाच्या भोकात घातली आणि तिच्यावर अंग टाकलं. पहार वाकली. वाकता वाकता चाक एकदाच अडलं, बाही टर्रकन फाटली. अर्जुनाने पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

"कोन व्हतं रं?" दिग्विजयने विचारलं.

"कुनी न्हाई रं... कुनीच न्हाई." असं म्हणत अर्जुना रडत होता.

हात वाचला. मनगटात सळ्या घातल्या, पण बोटं काही मिटेनात. पाण्याचा पेला धरता येत नाही, तिथे पाना काय धरणार? फौजेने सुट्टी वाढवली आहे. पुढे काय, ते कुणी बोलत नाही.

जीप अजून शेडमध्ये तशीच आहे. शाफ्ट काढायचा म्हटलं तरी चाक फिरवायला कुणीतरी लागणारच. एकही मिस्त्री तयार होत नाही. शेडला कुलूप आहे.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. किल्ली मागून घेतली, दिवसाढवळ्या आत गेलो आणि बॅटरी मारून खाली वाकलो. जीपखाली नाही गेलो, तेवढी अक्कल मला आहे.

सगळ्या जीपवर बोटभर धूळ. शाफ्टवर मात्र कणभरही नाही. चकचकीत.

आणि तो शेवटचा बोल्ट, दिग्विजयच्या हातून राहिलेला...

आवळलेला होता. भोवती ताजं ग्रीस.

घरात आलो. रेश्मावहिनी ताट वाढत होत्या. मी हळूच विचारलं, "शेडात कोण जातं?"

"कोन न्हाई, भावजी. किल्ली माझ्या उशाखाली असती." मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी रोज ह्यांचा हात साबनानं धुती, मगच झोपती. सकाळी उठून बघावं तर नखात काळं... वास बी ग्रीसचाच. ज्या हाताला घास उचलत न्हाई, त्यो हात जातो कुठं, भावजी?"



आम्ही जेवायला बसलो. दिग्विजय डाव्या हाताने भाकरी मोडत होता. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता, सगळा भार देऊन. आणि त्याची मांडी मधूनमधून वर उचलली जात होती.