चाळीस सेकंदांचं रडणं

'पाताळजीव' मालिकेचा सातवा भाग वसमतला लागला तेव्हा शिजवलेल्या हळदीचा वास थेट टॉकीजच्या आतपर्यंत येत होता. दुपारी बाराचा खेळ. शेवटी पडद्यावर जी नावं पळतात त्यांत कुठेतरी 'रामप्रसाद राठोड, ध्वनी' असं येतं, आणि तेवढं बघायला माझा चुलतभाऊ प्रेमदास हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या तांड्यावरून आधी जीप, मग एसटी करून आला होता. सोबत त्याची आई, माझी पारुकाकी. तिच्या आयुष्यातला हा पहिलाच सिनेमा. मला तो तिला दाखवायचा नव्हता.

मी हैदराबादच्या एका स्टुडिओत आवाज बनवतो. जमिनीखालून निघणाऱ्या त्या जनावराचे पहिले भाग मी शाळेत असताना गोरेगावच्या व्हिडिओ सेंटरवर सतरंजीवर बसून पाहिलेले. त्यामुळे सातव्याचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मी हवेतच होतो. या भागात मादी आहे आणि तिचं पिल्लू मरतं. तिच्या रडण्याचा आवाज माझ्या वाट्याला आला. रेड्याचं रेकणं, हळद शिजवायच्या कुकरची वाफ, काय काय करून बघितलं, पण जमेना. मग मोबाइलमधलं काकीचं रडणं काढलं.

आमच्या तांड्यात दुखवट्याला पाहुणा आला की घरातली बाई त्याच्या गळ्यात पडून रडते. सुरात रडते, गेलेल्या माणसाची सगळी हकीकत सांगत, आणि शेवटी जो गळ्यात आहे त्याचं नाव घेते. नाव घेतल्याशिवाय रडणं पुरं होत नाही आणि तोवर मिठीही सोडायची नसते. गेल्या वर्षी काकीची लेक मिना तापाने गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. काकी गळ्यात पडायच्या आधीच मी शर्टाच्या खिशातल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं होतं. चुकून नव्हे. कधीतरी कामाला येईल, एवढंच डोक्यात होतं. चाळीस सेकंद झाले असतील आणि स्टुडिओचा फोन आला. मी काकीचे हात सोडवले आणि बाहेर गेलो. ती अजून नावापर्यंत आली नव्हती.

ते चाळीस सेकंद मी संथ केले, खोल केले, आणि शेवटचं टोक सुरुवातीला असं जोडलं की कितीही वेळ चालवा, सांधा कळू नये. दिवाळीच्या आदल्या दिवशी काम संपलं. स्टुडिओत सगळ्यांनी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. आज लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

खेळ सुरू व्हायच्या आधी प्रेमदासने मला बाजूला घेतलं.

"आईला काय झालं कळून नाही राहिलं. तिला रडू येत न्हाई."

"म्हणजे?"

"बोलते बराबर. पण शेजारची भिकाबाई गेली तवा तिच्या पोरीच्या गळ्यात पडली. तोंड उघडलं, आवाजच न्हाई. हिंगोलीला दाखवलं. डॉक्टर म्हणला, गळ्याला काई तकलीफ न्हाई."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मी योगायोग म्हणून सोडून दिलं. म्हणजे सोडायचं ठरवलं.

मध्यंतरानंतर पिल्लू मेलं. मादीने मान खाली घातली. पुढचा क्षण न् क्षण मला पाठ होता.

स्पीकरमधून आलं ते मी बनवलेलं नव्हतं. ना संथ, ना खोल. काकीचा साधा आवाज होता, आमच्या गोरमाटी बोलीत. मिनाचा ताप, वेळेवर न मिळालेली जीप, तिच्या हातातल्या फुटक्या बांगड्या. आजूबाजूला लोक शेंगदाणे खात होते. पुढच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "काय डरकाळी हाय." प्रेमदासही मजेत बघत होता.

चाळीस सेकंद संपले. पुन्हा मिनाचा ताप.

दृश्य बदललं. पडद्यावर शहर आलं, विमानं आली. रडणं चालूच होतं.

मी काकीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ त्या रडण्याबरोबर हलत होते. एकही शब्द मागेपुढे नाही.

लाजेने मला जागचं उठताही येईना.

खेळ सुटला. माझं नाव पळून गेलं. प्रेमदासने टाळ्या वाजवल्या. बाहेर रणरणत्या उन्हात मी काकीपुढे उभा राहिलो.

"काकी, मिना गेली तेव्हा मी तुझं रडणं..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "खिशात उजेड दिसत व्हता. मला वाटलं, मिनाची आठवण म्हणून ठेवून राहिलं लेकरू."

तिने चारचौघांत कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं. मी मोबाइल काढला आणि तिच्यादेखत ते रेकॉर्डिंग पुसलं.

"आता रड, काकी. माझं नाव येईपर्यंत मी सोडणार नाही."

पुढे येऊन तिने माझ्या गळ्यात हात टाकले. प्रेमदासला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने हसत माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि चार पावलं मागे गेला. "असंच थांबा. फोटो काढतो."

काकीने माझ्या कानाशी तोंड उघडलं. श्वास जाणवला. आवाज नाही.

मग रडणं सुरू झालं. माझ्या शर्टाच्या खिशातून.

खिसा रिकामा होता. मोबाइल समोर प्रेमदासच्या हातात होता.

मी सोडलं नाही. मिनाचा ताप झाला, जीप झाली, बांगड्या झाल्या. रडणं माझ्या नावापाशी आलं. काकीचे हात मानेवर आणखी घट्ट झाले.

आणि नाव न येताच पुन्हा मिनाचा ताप सुरू झाला. सांधा कुठे कळलाच नाही.