थोरलीचा गाजलेला त्याग

"ताई, आज मी मॅडमना सगळं सांगून टाकणार आहे!" धाकटी म्हणाली, आणि थोरलीच्या हातातली इस्त्री होती तिथेच थांबली... कापड करपल्याचा वास नाकात शिरला तेव्हा कुठे ती भानावर आली. धाकटीच्या नव्याकोऱ्या जाकिटाच्या पाठीवर चांगला तळहाताएवढा डाग पडला होता.

"सगळं म्हणजे?"

"त्या नोंदी मी उतरवल्या होत्या, तू नाही. आता पदवी काढून घेतली तरी चालेल, विभागप्रमुखाची खुर्ची गेली तरी चालेल! तू माझ्यापायी आयुष्याची माती केलीस, आणि मी पोरांपुढे उभी राहून त्यांना सचोटी शिकवते... नाही गं सहन होत आता!" जाकीट जळलं याबद्दल तिने ब्रसुद्धा काढला नाही. ताईच्या हातून जळलं ना, मग तेही गोडच!

थोरलीच्या काळजात चर्र झालं. धाकटीला वाटलं, ताईला आपली काळजी वाटली. तसंच वाटायचं तिला नेहमी.

दोघी एकेकाळी एकाच मॅडमच्या हाताखाली संशोधन करत होत्या. विषय प्रसारमाध्यमांचा, बातम्यांमध्ये बायकांना किती आणि कशाबद्दल बोलू दिलं जातं याचा. त्या कामाची रीत अशी, की त्याच त्या बातम्या दोघींनी वेगवेगळ्या बसून वाचायच्या, कुठली बातमी कुठल्या गटात बसते ते आपापल्या अकलेने ठरवून नोंदवायचं आणि मग दोघींचे निर्णय ताडून पाहायचे. बरेचसे जुळले तर काम भरवशाचं. अट एकच, एकमेकींशी त्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. एका खोलीत झोपणाऱ्या, एकीचं वाक्य दुसरीने पुरं करणाऱ्या बहिणींना ही असली अट! पण त्यांनी ती इमानेइतबारे पाळली. जेवताना चुकून बातम्यांचा विषय निघाला, तर आईच दटावायची, "गप्प बसा गं, मॅडम रागावतील तुमच्या!"

मग आईच आजारी पडली. दवाखान्यात आलटूनपालटून बसायचं ठरलं, धाकटीचं काम तुंबत गेलं, आणि एके दुपारी रडवेल्या तोंडाने तिने थोरलीच्या टेबलावरचे कागद उघडले आणि तिचे निर्णय जसेच्या तसे उतरवून काढले. ताडून पाहिलं तर एका बातमीतही फरक नाही! मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "दोन माणसांचं आजच्या हवेबद्दलसुद्धा इतकं एकमत होत नाही. कोणी कोणाचं पाहिलं?" धाकटी पांढरीफटक पडली... आणि थोरली शांतपणे म्हणाली, "मी हिचं पाहिलं."

झालं! थोरलीला संशोधन सोडावं लागलं. तिच्या जागी दुसऱ्या माणसाला बसवून काम पुरं झालं. धाकटी डॉक्टरेट घेऊन दूरच्या मोठ्या विद्यापीठात गेली, आणि थोरली लोकांना गाडी चालवायला शिकवू लागली. आईला धाकटीने सगळं सांगितलं होतं. आई त्या आजारातून उठली आणि पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, "बहिणीसाठी शिक्षणावर पाणी सोडलं हो माझ्या थोरलीने!" त्यावर थोरली मान खाली घालायची आणि एक सुस्कारा सोडायची. तो सुस्कारा तिला फार छान जमायचा... मेला तोच आता रात्रंदिवस तिच्या मानेवर बसला होता!

मॅडमच्या निवृत्तीचा समारंभ त्या दुपारी होता आणि गावोगावचे जुने विद्यार्थी त्यासाठी जमणार होते. त्याआधी मॅडमच्या खोलीत जाऊन बोलायचं धाकटीने ठरवलं होतं. थोरलीने तिला आपल्या शिकवणीच्या गाडीतून नेलं. वाटेत तिने किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं! अखेर विभागाच्या आवारात गाडी उभी करून ती समोर पाहत म्हणाली, "धाकटे, उतरू नकोस. आई दवाखान्यात होती तेव्हाचं आठवतं? माझी बसायची वेळ आली की मी म्हणायचे, मला नोंदी उरकायच्यात, आज तूच बैस."

"हो. तुला कामच होतं ना."

"काम केव्हाच झालेलं असायचं. मी गाडी शिकायला जायचे."

धाकटीने दाराच्या कडीवरचा हात काढला.

"मला ते संशोधन नकोच होतं गं! त्या बातम्या वाचताना जीव गुदमरायचा माझा... आणि गाडीचं चाक हातात आलं की वाटायचं, हे माझं! शिकवणीच्या मालकाला मी कामाचा होकारसुद्धा देऊन बसले होते. मॅडमना, आईला सांगायची छाती होत नव्हती. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, कोणी पाहिलं... आणि मला सुटकेची वाट दिसली. तुझी दया आली होती, खोटं नाही सांगत, पण आधी मी माझी सुटका पाहिली. तुझं काम तुंबलं तेही माझ्यामुळेच. कसला त्याग आणि काय!"

"म्हणजे..." धाकटीचा आवाज फुटला, "मी आईचं ओकारीचं भांडं धरून बसले होते, तेव्हा तू गाडी मागे घ्यायला शिकत होतीस?"

"हो."

"आणि आई जन्मभर तुझे गोडवे गात होती, ते तू ऐकून घेत होतीस!"

"हो गं..."

धाडकन दार आपटून धाकटी निघून गेली. आजवर ताई म्हणेल ती पूर्व दिशा म्हणणारी, ताईच्या शब्दाबाहेर न जाणारी धाकटी! थोरलीला वाटलं, आता ही पुन्हा आपलं तोंड पाहणार नाही... आणि ते योग्यच आहे. गाडी वळवून निघून जावं असंही क्षणभर मनात आलं. पण एवढी एक पळवाट तरी आपण घेऊ नये, एवढी लाज तिच्यात शिल्लक होती. ती डोळे पुसत मागोमाग गेली.

ती खोलीत पोचली तेव्हा धाकटी बोलून चुकली होती. मॅडम खुर्चीत ताठ बसल्या होत्या. "माझ्या नावाने छापलेलं काम आहे ते," त्या म्हणाल्या. "मला विद्यापीठाला कळवावंच लागेल. ते काय ठरवतील ते माझ्या हातात नाही."

"कळवा मॅडम. त्यासाठीच आले."

मग मॅडमनी दाराकडे पाहिलं. "आणि तू? तू का खोटं बोललीस?"

थोरलीने तोंड उघडण्याआधीच धाकटी म्हणाली, "माझ्यासाठी, मॅडम. मोठी बहीण आहे ती माझी... तिला दुसरं काय सुचणार!"

थोरली थिजून उभी राहिली. आत्ता, सगळं कळल्यावर, डोळ्यांतलं पाणी खळलेलं नसताना, ही पोरगी आपल्यावर पांघरूण घालते आहे! गप्प राहिलं की पुरे होतं, एक सुस्कारा सोडला की पुरे होतं... पण तिच्याच्याने ते झालं नाही.

"नाही मॅडम!" ती हुंदका आवरत म्हणाली. "आईची सेवा ही एकटी करत होती, म्हणून हिचं काम राहिलं. मी थापा मारून गाडी शिकत होते. मला इथून जायचंच होतं, ते हिच्या जिवावर गेले."

सभागृहातून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मॅडमनी विचारलं, "अजून गाडीच शिकवतेस?"

"हो."

"आवडतं?"

साधा प्रश्न! पण इतक्या वर्षांत तो तिला कोणी विचारला नव्हता. तिने विचारूच दिला नव्हता. ज्याच्यासाठी सगळे हळहळत होते ते सुखाचं होतं, हे कबूल कोणत्या तोंडाने करायचं? तिने धाकटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आवडतं," ती म्हणाली. "फार आवडतं, मॅडम... रोज सकाळी कधी एकदा जाते असं होतं मला!"

धाकटी दोन पावलांत तिच्याजवळ आली. वाटलं, आता थोबाडीत देते की काय! तिने थोरलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि गदगदा हलवला.

"अगं बये, मग हे एकदा हसून सांगायचंस ना मला! मी रोज तुझ्यासाठी रडत होते... नुसतं आवडतं म्हणाली असतीस तर मी सुखाने जेवले असते गं!"

मॅडम उठल्या, समारंभासाठी बोलवायला आलेल्या माणसाला त्यांनी थांबायला सांगितलं आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं. धाकटी अजून भांडतच होती, आणि थोरली तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती.