वजीर आणि भडंग

"धीर शून्यावर ठेव," निशांत म्हणाला.

"नको रे. पाचवर बरंय."

"पाचवर ठेवूनच दोन डाव घालवलेस ना? जिंकलेले डाव! घड्याळ संपलं म्हणून हरलीस."

वैजयंतीला ते टोचलं. खरंच होतं ते. तीन मिनिटांचा डाव, आणि ही बया प्रत्येक चाल अशी तपासायची जशी आत्या बाजारात वांगी तपासते. चाल अचूक असायची, पण घड्याळ कुणासाठी थांबतंय?

तिच्या मनगटावर राखाडी पट्टी होती. गेल्या वर्षापासून बुद्धिबळाच्या ऑनलाइन लीगमध्ये सगळेच ती घालायचे. बोट हलायच्या आधी मेंदूचा निरोप मनगटातून जातो, तो ही पट्टी वाटेतच पकडते. नजर कुठल्या सोंगटीवर आणि कुठल्या घरावर आहे ते कॅमेरा बघतो. दोन्ही जुळलं की चाल झाली. माउस नाही, काही नाही. पट्टीवर एक चकती होती, तिला सगळे 'धीर' म्हणायचे. धीर वाढवला की पट्टी थांबून खात्री करून घेणार. शून्यावर आणला की पहिली ऊर्मी आली रे आली, चाल पटावर!

आज शेवटचा डाव होता. जिंकली तर सांगलीच्या संघात, नाहीतर पुन्हा वर्षभर घरात बसून भावाचं, निशांतचं, डोकं खायचं. समोर नागपूरचे धोटेकाका. वय साठ, हात विजेसारखा.

तिनं चकती शून्यावर फिरवली.

डाव सुरू झाला आणि तिला एकदम मजाच यायला लागली. प्यादं, घोडा, उंट, किल्लेकोट, सगळं सटासट! उतारावर ब्रेक सोडलेल्या सायकलवर बसल्यासारखं. एकदा नको तिथं प्यादं गेलं, फुकट गेलं, तरी ती हसली. घड्याळात पहिल्यांदाच ती पुढं होती.

तेवढ्यात आत्या वाटी घेऊन आली. भडंग. वरून कांदा, कोथिंबीर, लसूण परतल्याचा तो वास.

"खा गं थोडं. तोंड बघ कसं झालंय."

"आत्या, डाव चाललाय!"

"मग? हात रिकामाच आहे की तुझा."

वैजयंतीची नजर पटावरच होती. वजिरावर, आणि त्याच्या समोर उभ्या असलेल्या काळ्या राजाच्या प्याद्यावर. हात मात्र आपोआप वाटीकडे निघाला.

टक्.

तिच्या वजिरानं ते प्यादं खाल्लं होतं. थेट राजाला खेटून. आणि मागे कुणाचाही जोर नाही.

"अगं आई गं!" ती ओरडली. "मी नाही खेळले! मला भडंग हवं होतं!"

निशांतनं कपाळावर हात मारला. तिकडे धोटेकाकांना दुसरी चालच नव्हती. राजानं वजीर खाल्ला.

आता घड्याळात थोडेच सेकंद उरले होते. हार मान, मन म्हणालं. पण तिनं हात मांडीखाली दाबून धरला, म्हणजे पट्टीला काही कळायलाच नको. आणि नुसतं बघत राहिली, जुन्या सवयीनं. वांगी तपासावीत तसं.

राजा उघड्यावर आला होता. हत्तीची आडवी वाट मोकळी होती. आणि दुसऱ्या टोकाला उंट तिरका, थेट कोपऱ्यावर डोळा लावून बसलेला.

तिनं हात मोकळा केला. हत्ती टोकाला, शह. राजा मागे सरला. हत्ती सरळ कोपऱ्यात, मागून उंटाचा जोर.

मात!

घरात दंगा झाला. निशांत कॉटवर उड्या मारत होता, आत्यानं वाटी उपडी केली तरी तिला पत्ता नाही. डाव संपल्यावर दोन्हीकडचा आवाज सुरू झाला होता, स्पीकरमधून धोटेकाका हसत होते. "काय खेळली पोरगी! वजीर असा फेकते का कोणी?"

वैजयंतीचा चेहरा पडला. "काका, खरं सांगू? वजीर चुकून गेला. मी भडंग घ्यायला हात उचलला होता."

मग काका पोट धरून हसले. "चुकून? माह्या हातून असं चुकून एकदा तरी होऊ दे रे देवा! डाव तुयाच, बाई. पंचाले मीच सांगतो."

पंचांनी निकाल कायम ठेवला. चाल पट्टीनं पकडली म्हणजे चाल तुमची, असा नियमच होता.

पण निशांत कॉटवरून उतरून तिच्या मनगटावरची पट्टी निरखत होता. पट्ट्या दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. "वैजू, ही पट्टी भूक ओळखत नाही गं. खाण्याचा निरोप वेगळा, चालीचा वेगळा. सोंगटी हलवायचं मनात आल्याशिवाय ती हलतच नाही."

"माझ्या मनात नव्हतं."

"लाव परत तोच डाव."

तिनं लावला. तोच वजीर, तेच प्यादं. नजर तिथंच. धीर शून्यावर. आत्यानं कढईतलं उरलेलं भडंग आणलं. वैजयंतीनं हात लांबवला, मूठभर घेतलं, तोंडात टाकलं.

पटावर काहीच हललं नाही.

पुन्हा हात नेला. पुन्हा भडंग. वजीर जागचा हलेना.

तिघंही त्या वजिराकडे बघत बसले. तोंडातलं चावता चावता वैजयंतीला हसू फुटलं, थांबेचना.

"काय गं?" आत्यानं विचारलं.

"आत्या, मग मगाशी भूक नक्की कुणाला लागली होती? मला, की वजिराला?"