बारा माशांमागचा रंग

"हे कसलं बाई ध्यान!" वसुमती स्वतःशीच पुटपुटली.

तिच्या हातातल्या, माशांच्या टाकीमागं लावायच्या कागदावर लाल पोवळी होती, शंख होते आणि मधोमध चक्क एक राजवाडा.

"खरंच की! समुद्रात जाऊन कुणी बांधला असेल हो?"

ती दचकली. बंगळुरात, सिटी मार्केटमागच्या गल्लीत, देवाप्पाच्या माशांच्या दुकानात, मराठी बोलणारं कोण भेटायला बसलंय? तिनं मान वर केली. काचेच्या टाकीपलीकडे एक तरुण उभा होता. मधून मासे सळसळत गेले, आणि त्याचं हसू क्षणभर हललं... पुन्हा जुळलं.

तो त्रिविक्रम. मूळचा निपाणीचा, इथं विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. खोलीवर त्याच्याही दोन टाक्या होत्या. वसुमतीनं संकोचत आपली अडचण सांगितली. तिच्या अण्णांना, म्हणजे वडील भीमाचार्यांना, चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. हायस्कुलात तीस वर्षं खणखणीत आवाजात गणित शिकवलेला माणूस आता एकेक शब्द शोधत बोलत होता. पडल्या पडल्या बघायला काहीतरी हलतं असावं, म्हणून डॉक्टरांनी माशांची टाकी सुचवली. बारा झेब्रा मासे आणले. पण ते कोपऱ्यात भेदरून बसत.

"टाकी खिडकीशी ठेवलीय?"

"हो... तुम्हाला कसं कळलं?"

"मागून उजेड आला की बुजतात बिचारे. मागं नीट कागद हवा. मी मापानं कापून आणतो. रविवारी चारला... चालेल?"

"अण्णांना विचारावं लागेल."

"विचारा ना. मी येतोच."

चामराजपेटेतल्या तिच्या घरी तो आला, फिकट निळा कागद घेऊन. कृष्णाबाई आत्यानं त्याला कॉफी दिली आणि निपाणीच्या नातेवाइकांची सगळी चौकशी उरकली. त्यानं कागद लावला, दोन पावलं मागं सरला आणि वसुमतीकडे पाहिलं.

कागद वाईट नव्हता. पण 'छान आहे' म्हटलं की हा कॉफी संपवून जाणार, आणि मग पुन्हा यायचं कशाला?

"आभाळासारखा दिसतोय," ती म्हणाली. "मासे काय उडणार आहेत?"

"बरं. मग पुढच्या रविवारी दुसरा आणतो."

दुसऱ्या रविवारी हिरवा आला. तो तिला शेवाळ्यासारखा वाटला. तिसऱ्या रविवारी चकचकीत चंदेरी आला. त्यात आपलीच रूपं बघून मासे असे उधळले की अण्णा आजारपणानंतर पहिल्यांदा खदखदून हसले. चौथ्या रविवारी त्यानं स्वतः रंगवलेली पाणवनस्पती आणली.

"ही तर कोथिंबीर!" वसुमती म्हणाली.

"तुमची पसंती भारी अवघड आहे हो."

"स्वल्प... थोडी आहे खरी."

सोमवार ते शनिवार कसे जात, ते तिचं तिलाच ठाऊक. भाजी निवडताना, अण्णांचे पाय चेपताना कान दाराकडे लागलेले. रविवारी तीनलाच ती वेणी घालून बसे, आणि कडी वाजली की मुद्दाम सावकाश उठे.

पाचव्या रविवारी त्यानं गडद रंगाचा कागद आणला. काळा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर हिरवा... खोल तळ्यासारखा. तो लावला मात्र, मासे एकेक करून कोपऱ्यातून बाहेर आले. मग बाराच्या बारा एकदम वळले, एकदम थांबले, पुन्हा वळले. अंगावरचे पट्टे कसे उजळून निघाले होते!

"सरी... बरोबर..." अण्णा भरल्या आवाजात म्हणाले. "हाच... हाच."

आता नाही म्हणायला जागाच नव्हती.

"झालं एकदाचं," त्रिविक्रम तिच्याकडे न बघता म्हणाला. "बरं झालं. माझी कानपूरला बदली झालीय. दीड वर्षासाठी. दहा तारखेला निघतो."

तिनं कपबशी उचलली. आत्या आत होती, अण्णा माशांत रमले होते. तो 'येतो' म्हणून पायऱ्या उतरला. भुरभुर पाऊस होता. त्याची छत्री दाराशीच राहिली होती. ती घेऊन वसुमती धावली आणि बसथांब्याशी त्याला गाठलं.

"तुमची छत्री... आणि..." तिला धाप लागली होती. "चंदेरी सोडला, तर सगळे कागद चांगले होते. मी खोटं बोलले."

त्यानं छत्री हातात घेतली. मग हळू म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं, की गडद रंगच लागतो."

"मग हे चार रविवार?"

"पहिल्याच दिवशी तो आणला असता, तर नंतर कुठल्या तोंडानं आलो असतो?"

बस आली, थांबली. तो चढला नाही. बस गेली.

"अण्णांना सोडून मी कानपूरला येणार नाही," ती पाणावल्या डोळ्यांनी म्हणाली.

"मी कुठं म्हणतोय? मी परत येणार आहे. थांबाल?"

"मला काय विचारता... घरी चला. अण्णांना विचारा."

दोघं परत आले. त्रिविक्रम पलंगाशी खाली बसला आणि जमेल तसं बोलला. अण्णांनी सगळं ऐकलं. चांगला हात उचलून त्यांनी त्याच्या ओल्या खांद्यावर ठेवला.

"आधी... गावी... वडिलांना लिही," ते म्हणाले. "मग... मला. पत्रं... मला. घरात... वाचू."

दहा तारखेला तो गेला. लग्न ठरण्याआधी मुलीनं स्टेशनवर जायची रीत नव्हती. गाडीच्या वेळेला वसुमती गच्चीवर उभी राहिली. तिथून स्टेशन दिसत नाही, हे ठाऊक असूनही.

बाराव्या दिवशी जाड पाकीट आलं, अण्णांच्या नावानं. त्यांनी ते न उघडताच तिच्या हातात दिलं.

"वाच. मोठ्यानं."

तिनं वाचलं. प्रवास, खोली, कानपूरचा उकाडा. वडिलांचा होकार आला होता. दिवाळीनंतर ते स्वतः बंगळुराला येणार होते. आत्यानं देवापुढं साखर ठेवली. वसुमतीनं पान उलटलं.

'रविवारी चार वाजले, की पाय आपोआप...'

पुढच्या ओळी तिनं मनातच वाचल्या.

"पुढं?" अण्णा म्हणाले.

"पुढचं..." पत्र छातीशी धरून ती उठली. "पुढचं माझं आहे, अण्णा."