लेपक

महानंदानं शेंगाचटणीवर तेल ओतलं, कडक भाकरीचा तुकडा त्यात बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला. समोर बसलेली तिची थोरली बहीण, डॉ. गिरिजा बिराजदार, बघतच राहिली. मोठ्या आतड्याच्या दाहानं महानंदाला तरुणपणापासून पिळून काढलं होतं. सोलापुरात राहून तिनं कित्येक वर्षं तिखट चाखलं नव्हतं.

"अक्का, अशी बघू नकोस. काही होत नाही आता," महानंदा हसून म्हणाली.

काही होत नव्हतं, कारण तिच्या आतड्यात लेपक होता. गिरिजानं प्रयोगशाळेत घडवलेला जिवाणू. आतड्याचं अस्तर म्हणजे एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या पेशींचा एकच थर. दाहानं त्यात फटी पडतात, फटींतून जंतू आत शिरतात आणि दाह आणखी भडकतो. लेपक अन्नातलं ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल घेऊन त्याचं इंडोल बनवायचा. इंडोल मिळालं की पेशी पुन्हा घट्ट जुळायच्या. शेकडो रुग्ण त्यानं बरे झाले होते.

पलीकडे दोघींचे वडील, अप्पा, ताकात कुस्करलेली भाकरी चिवडत होते. गिरिजाचं लक्ष त्यांच्या मानेकडे गेलं. गळ्याभोवती काळपट, खरबरीत पट्टा उमटला होता.

"अप्पा, मानेला काय झालं?"

अप्पा भाकरी चिवडतच राहिले.

"उन्हात बसतात ना," महानंदा म्हणाली. "पोटही बिघडतंय सारखं. आणि काल चप्पल घालून निघाले होते. म्हणे रंगखात्यात पाळी आहे."

अप्पा चादरीच्या कारखान्यात रंगारी होते. तो कारखाना कधीच बंद पडला होता.

गिरिजाचा घास हातातच राहिला. काळी पडलेली त्वचा, जुलाब, भ्रम. पेलाग्रा! पूर्वी नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांना होणारा हा रोग तिनं फक्त पुस्तकात पाहिला होता. नायसिन हे जीवनसत्त्व शरीर ट्रिप्टोफॅनपासूनही तयार करतं. दात गेलेल्या अप्पांच्या पोटात ते मुळातच बेताचं जात होतं. मग तेवढंही कोण पळवत होतं?

तपासणीत उत्तर मिळालं. अप्पांच्या आतड्यात लेपक होता. त्यांनी तो कधीच घेतला नव्हता.

"त्याला जगायला एक खास साखर लागते," गिरिजानं बहिणीला सांगितलं. "तू पुडीतून घेतेस ती. ती नसेल तर तो मरावा, असाच बनवला होता मी."

"मग अप्पांच्यात कसा जगला?"

"साखरेशिवाय जगायला शिकलाय."

महानंदानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "माझ्याकडून गेला."

अप्पांना प्रतिजैविकं आणि नायसिन देता येणार होतं, पण घरात लेपक असेपर्यंत तो पुन्हा त्यांच्यात शिरणार होता.

"माझ्यातूनही काढून टाक," महानंदा म्हणाली.

"अगं, पुन्हा रक्त पडायला लागेल. तू वेगळी राहा हवं तर."

"आणि अप्पांचं कोण करणार? मला त्या दुखण्याची सवय आहे, अक्का. त्यांना नाही."

दोघांचेही उपचार झाले. अप्पांच्या मानेवरचा पट्टा फिकट होत गेला. एका सकाळी त्यांनी गिरिजाकडे पाहून विचारलं, "कधी आलीस गं?" दोघी बहिणी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. तोवर महानंदाचं रक्त पडायला सुरुवात झाली होती.

आणि मग अप्पांचं पोट पुन्हा बिघडलं.

या वेळी गिरिजानं गटारांचं पाणी तपासलं. आधी गल्लीतलं, मग शहराबाहेरचं. लेपक सगळीकडे होता आणि तो आणखी बदलला होता. ट्रिप्टोफॅन तो अजूनही खात होता, पण इंडोल बनवणं त्यानं सोडून दिलं होतं. लिंपणं विसरून तो नुसता खाणारा झाला होता. गिरिजानं स्वतःहून सरकारला कळवलं. नायसिनच्या गोळ्या वाटायला सुरुवात झाली.

गोळ्यांनी कातडी सुधारत होती. मन नाही. मेंदू ज्यापासून मनाची उभारी टिकवणारं सेरोटोनिन बनवतो तेही ट्रिप्टोफॅनच. अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं ते कायमचं. महानंदा घास घेऊन बसायची, ते ओठ उघडायचे नाहीत. काही आठवड्यांत ते गेले.

त्यांचं दिवसकार्य आटोपलं आणि महानंदाला दवाखान्यात हलवावं लागलं. डॉक्टर मोठं आतडं काढून टाकायचं म्हणत होते.

"पसरलेला तो लेपक माझ्यातही असेल ना आता?" तिनं विचारलं.

"आहे. पण त्याचा तुला काही उपयोग नाही."

"मूळचा?"

मूळच्या लेपकाच्या मोजक्या कुप्या प्रयोगशाळेत मोहोरबंद होत्या. त्या नष्ट करण्याचा हुकूम आला होता.

"तो दे मला, अक्का."

"तोही बदलेल, महानंदा. याच्याहून वाईट काहीतरी शिकेल. तुझ्यासारखे शेकडो जण आज हेच मागतायत."

महानंदानं सलाईन लावलेला हात तिच्या हातावर ठेवला. तो हलका होता आणि तापानं भाजत होता.

"अप्पांसाठी मी तो काढून टाकला, तेव्हा विचार केला नाही. अप्पा गेले. तो तर गावभर झाला. आता मी एकटीनं दुखणं सोसून कुणाला वाचवतेय, ते तरी सांगशील?"