चला, घरी जाऊ

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण कल्याणीसमोर हसू नका.

डिसेंबर २००५. पुणे, विश्रांतवाडी.

कल्याणी रणपिसे हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिचे बाबा कचरू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. अल्झायमरनं माणसाची पार रया गेली. दिवेलागणीला ते आपल्याच घरात उठून उभे राहायचे.

"घरी कधी जायचं?"

समजावून उपयोग नव्हता. मग कल्याणीनं युक्ती काढली. "चला, घरी जाऊ," म्हणायचं, हात धरून बिल्डिंगला फेरी मारायची आणि आपल्याच दाराची बेल वाजवायची. आई, मंदाकिनीबाई, दार उघडून म्हणायची, "या, आलात का?" की बाबा शांत.

बाबा गेले. त्यांनीच आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून मेंदू एका संस्थेच्या ब्रेन बँकेत संशोधनासाठी दिला. बाकी देहाला अग्नी दिला.

काही दिवसांनी तिथले तंत्रज्ञ सर्जेराव यांचा फोन आला.

"मॅडम, वडील संध्याकाळी काही विचारायचे का हो?"

कल्याणीनं विचारलं, "का?"

"ते आल्यापासून खोलीत कुणीतरी विचारतं... घरी कधी जायचं म्हणून. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. फक्त सहाच्या आत कुलूप लावून मोकळा होतो."

दुसऱ्या संध्याकाळी ती तिथं हजर.

"नातेवाइकांना आत सोडत नाहीत," सर्जेराव म्हणाले. "पण आता नियम कुणाला सांगू? या."

फळ्यांवर झाकणबंद पांढऱ्या बादल्या. प्रत्येकीत फॉर्मलिनमध्ये एकेक मेंदू. सगळे असेच, विसरून गेलेल्या माणसांचे. वासानं तिचे डोळे चुरचुरले.

बाहेर दिवे लागले. फ्रीजरची घरघर थांबली...

"घरी कधी जायचं?"

बाबांचाच आवाज. ती घाबरली नाही. तिला रडू कोसळलं. काहीही झालं तरी त्यांना इथं एकटं ठेवायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. सवयीनं तिनं हात पुढे केला.

"चला, घरी जाऊ."

कुणीतरी हात धरला. ओला...

अ‍ॅक्टिव्हाची मागची सीट दबली. विश्रांतवाडीपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही. उतरून पुन्हा हात पुढे केला, बिल्डिंगला फेरी मारली. बेल वाजवली.

आईनं लेकीचा पुढे धरलेला हात पाहिला आणि सगळं ओळखलं. बाजूला सरून हळूच म्हणाली, "या, आलात का?"

हात सुटला.

तेवढ्यात फोन वाजला. सर्जेराव.

"मॅडम, तुम्ही गेलात, पण... वडील इथंच आहेत. अजून विचारतायत."

कल्याणीनं रिसीव्हर खाली ठेवला.

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं... मग एका म्हातारीचा बारीक आवाज आला.

"हे माझं घर नाही गं, बाई."

आणि तिच्यामागून आणखी कुणाचा तरी...

कल्याणीनं त्या खोलीत बाबांचं नाव घेतलंच नव्हतं. घराची वाट विसरलेल्या सगळ्यांनाच ती "चला" म्हणून आली होती. नंतर ती बाबांना न्यायला दोनदा गेली. दोन्ही वेळा त्या खोलीच्या दारापर्यंत गेली, पण हात पुढे करायला धजली नाही.

मी तिची जुनी मैत्रीण. गेल्या वर्षी तिच्याकडे गेले होते. टीव्ही मोठ्यानं लावलेला. चहा झाला, अंधार पडायला आला. मी सवयीनं उठले आणि म्हणणार तोच...

कल्याणीनं झडप घालून माझं तोंड दाबलं.

मी तशीच, न बोलता, जिना उतरले. अजूनही कुणाकडून निघताना मी "चला" म्हणत नाही.